व्हिएन्नाहून न आलेलं चित्र

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, शुभदापाशी तर नाहीच — आणि शुभदाला मी आजवर काय काय सांगितलंय ते ऐकलंत तर तुम्हीच लाजाल. मग तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या नौपाड्यात भाजी घेताना शेजारी उभे राहिलात तरी तुम्हाला कळणार नाही की ही तीच बाई. मला ते बरं वाटतं.

चित्रांपासून सुरुवात करते. चित्रांबद्दल बोलणं मला सोपं जातं. तेच तर सगळं दुखणं आहे.

माझं नाव वसुधा. ठाण्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर मी भजनात गेले नाही, योगासनांना गेले नाही. मी एक मंडळ काढलं. आमच्यासारख्या दहा-बारा बायका, त्यातल्या काहींचे नवरे, आणि वर्षातून एक प्रवास. देवळं आणि साड्यांची दुकानं करत फिरायचा नाही — चित्रं बघायचा. जयपूर, बडोदा, हैदराबाद, कोलकाता. ज्या गावाला जाऊ तिथलं म्युझियम आधी, बाकी सगळं नंतर. ही अट माझी.

आमचा एक नेम होता. म्युझियममधून बाहेर पडलं की चहा घ्यायचा आणि चहाबरोबर प्रत्येकीने सांगायचं, आज मला काय आवडलं. एकच चित्र, आणि का ते. सुरुवातीला बायका लाजायच्या. 'सगळंच छान होतं' म्हणून सुटायला बघायच्या. मी सोडत नसे. मग हळूहळू एकेकीला आपली आवड सापडत गेली. शुभदाला पाणी असलेली चित्रं आवडायची — नदी, तळं, नुसता ओला घाटसुद्धा चालायचा. तिला स्वतःलाच याचं नवल वाटायचं. साठीपर्यंत आपल्याला पाणी आवडतं हे तिला ठाऊकच नव्हतं. एकीला रागावलेले चेहरे आवडायचे. एकीला फक्त कपडे — शालूची किनार चित्रकाराने कशी काढलीय, ती तेवढंच बघायची. आणि माझी पाळी शेवटी यायची. मी जे सांगेन ते त्या दिवसाचं खरं चित्र, असं ठरूनच गेलं होतं.

माझे यजमान, मधुकर, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. मूळचे कल्याणचे, पारनाक्याजवळचे. वडील लवकर गेले आणि आईने एकट्या राहणाऱ्या रेल्वेवाल्यांना डबे करून दोन मुलं वाढवली. मधुकर कमी बोलतात. प्रवासाला ते सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला यायचे, असं मीच थट्टेने म्हणायचे. म्युझियमच्या बाहेर सावलीत बसायचे, आम्ही येईपर्यंत पेपर वाचायचे.

जयपूरला ऊन फार होतं म्हणून ते आत आले. नुसते उकाड्यामुळे — लक्षात घ्या. आणि चहाच्या वेळी, सगळ्या बायकांचं सांगून झाल्यावर, म्हणाले, "मी पण सांगू का एक?"

आम्ही हसलो. सांगा की!

"ते छोटं दरबाराचं चित्र आहे ना, त्यात कोपऱ्यात एक चवरी ढाळणारा माणूस आहे. त्याने चवरी खाली घेतलीय आणि पोटरी खाजवतोय. राजाचं लक्ष नाहीये. मला तो आवडला."

कुणाच्याच नजरेस तो माणूस पडला नव्हता. शुभदा तर चहा अर्धा ठेवून परत आत गेली, बघून आली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, खरंच खाजवतोय!" सगळ्यांना केवढा आनंद झाला. त्या दिवशी माझी पाळी आलीच नाही. विसरल्या त्या.

मी म्हटलं, "खरेदी खात्यात जन्म गेला ना यांचा. माल उतरवताना कोण कामचुकारपणा करतोय ते आधी दिसतं."

पुन्हा हशा. मधुकरही हसले. एवढं काही नव्हतं, नाही का? नवरा-बायकोत चालतं. मीही तेव्हा स्वतःला हेच सांगितलं.

पण मग ते दर वेळी आत यायला लागले. आणि दर वेळी त्यांना कुणीतरी थांबलेलं माणूस सापडायचं. शिकारीच्या चित्रात हत्तीच्या पायाशी डुलकी काढणारा माहूत. लग्नाच्या वरातीत मागे राहून चपलेतला खडा काढणारी बाई. त्यांची आवड त्यांना अशी सहज मिळाली — रस्त्याने चालताना ओळखीचं कुणी भेटावं तशी. त्यासाठी त्यांनी एक पान वाचलं नव्हतं.

आणि मी? मी महिना महिना वाचून जायचे. कुठल्या दालनात काय आहे, कुठे उभं राहायचं, कशाबद्दल बोलायचं. मान किंचित कलती करायची, दोन पावलं मागे सरायचं, थोडं थांबायचं — ते थांबणं फार महत्त्वाचं — आणि मग वाक्य. बायका माना डोलवायच्या. मला ते आवडायचं. आता लिहितेच आहे तर नीट लिहिते — मला चित्र आवडायचं नाही. मला आवडायची ती चित्रासमोर उभी असलेली मी.

खोटं नाही सांगत, मी प्रयत्न केला. कुणी नसताना चित्रांसमोर जाऊन उभी राहायचे आणि वाट बघायचे. काहीतरी होईल. शुभदाला होतं, त्या शालूच्या किनारवालीला होतं, मधुकरना होतं. मला काही म्हणता काही व्हायचं नाही. पाय दुखायचे, एवढंच. बहिऱ्या माणसाने गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसून मान हलवावी — अशी मी इतकी वर्षं बसले.

हे कुणाला कळलेलं नाही असं मी धरून चालले होते. बडोद्याला ते फिसकटलं.

तिथल्या एका मोठ्या तैलचित्राबद्दल मी वाचून गेले होते. हॉल तोच, भिंत तीच. मी समोर उभी राहिले, मागे सरले, थांबले, आणि बोलायला लागले. डोंगरामागे मावळणारा दिवस, जाता जाता रेंगाळणारा तो उजेड, त्यातली हुरहूर. समोर डोंगर होता, उजेडही होता. बोलता बोलता मला दिसलं की मधुकर हळूच भिंतीकडे सरकतायत. चित्राच्या शेजारी नावाची पाटी होती. ते तिच्यापुढे पाठ करून उभे राहिले, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, चेहऱ्यावर काही नाही. माझं बोलणं संपून सगळे पुढच्या दालनात जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

नंतर मी एकटी मागे फिरले आणि पाटी वाचली. चित्र भलत्याच माणसाचं होतं, भलत्याच देशातलं. मी वाचून आलेलं चित्र त्या भिंतीवरून केव्हाच हललं होतं. आणि ह्या चित्राचं नाव होतं 'पहाट'.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. ते एक शब्द बोलले नाहीत त्यावर. फक्त बाटलीचं झाकण काढून म्हणाले, "घसा बसला असेल तुझा. पाणी पी."

मला त्यांचे आभार मानायला हवे होते. तुम्ही मानले असते. त्यांनी मला चारचौघींत झाकलं होतं — शब्दशः पाठीने झाकलं होतं. आणि मी तिथे रिक्षात बसल्या बसल्या त्यांचा द्वेष करायला लागले. कारण मला कळलं, ह्या माणसाला ठाऊक आहे. कदाचित पहिल्यापासून ठाऊक असेल. आणि त्याला माझी कीव येते. माझी — वसुधाची — ह्या बाटल्या सांभाळणाऱ्या माणसाला!

त्यानंतर आम्ही युरोपला गेलो. मंडळातले आम्ही सगळे, एका टूर कंपनीबरोबर. व्हिएन्नाला अर्धा दिवस मोकळा मिळाला तसा मी सगळ्यांना म्युझियममध्ये घेऊन गेले. प्रचंड इमारत, संगमरवरी जिने. मी पाठ केलेली वाक्यं म्हणत दालनामागून दालनं पार केली. मधे एका खिडकीपाशी थांबले. खाली बागेत एक माळी कुंपण कापत होता, दोरी लावून, एका रेषेत. सांगते म्हणून सांगते — त्या सबंध म्युझियममध्ये मी मन लावून काही पाहिलं असेल तर तो माळी.

मग कुणीतरी म्हणालं, मधुकर कुठेत? शोधत शोधत आम्ही एका लहानशा बाजूच्या खोलीत गेलो. ते बाकावर बसले होते आणि समोर एक चित्र होतं, फार मोठं नाही. कुण्या नावाजलेल्या चित्रकाराचंही नाही. माझ्या पुस्तकात ते नव्हतं. स्वयंपाकघर. धुऊन पालथी घातलेली भांडी. एका स्टुलावर एक बाई बसलीय, पाठ अर्धी आपल्याकडे. एका पायातली चप्पल निघून पडलीय आणि ती उचलायची तिला इच्छा नाही. हात मांडीत. कुठेच बघत नाहीये.

"वसू, बघ," मधुकर म्हणाले. मागे सगळे उभे आहेत ह्याचं त्यांना भान नव्हतं. "हिचं सगळं आवरून झालंय. आता कुणी हाक मारली तरी ही उठायची नाही." मग म्हणाले, "आईला असं बसलेलं मी कधी बघितलंच नाही गं."

लग्न होऊन पाऊण जन्म झाला होता आमचा. इतकं आतलं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. शुभदाचे डोळे भरून आले, मी पाहिलं. तिने माझ्या एकाही वाक्यावर कधी डोळे भरू दिले नव्हते.

मी म्हटलं, "म्हणजे सासूबाईंना भेटायला आपण थेट व्हिएन्नापर्यंत आलो म्हणायचं! कल्याणला नुसता फोटोच होता की भिंतीवर."

आधी कुणी हसलं नाही. मग एकजण हसलं, मग सगळे. माझं बोलणं होतंच तसं, टायमिंग उत्तम. मधुकरही हसले, जरा उशिरा. आणि बाकावरून उठले.

पण त्यांनी खालच्या दुकानातून त्या चित्राची मोठी छापील प्रत घेतली. पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळून दिली दुकानवाल्यांनी. पुढचा सबंध प्रवास, प्राग, बुडापेस्ट, ते ती नळी बसमध्ये मांडीवर आडवी धरून बसायचे. सामानात टाकू देत नव्हते, चेपेल म्हणून. मंडळातल्या बायका त्यांना विचारायच्या, "काय भाऊजी, आई बरी आहे ना?" माझ्याच विनोदाची शेपटं ती. ते म्हणायचे, "बरी आहे, बसलीय."

शेवटच्या दिवशी नाश्त्याला ते मला म्हणाले, "जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावावं म्हणतोय. तिथलं तुझं ते निळं चित्र आतल्या खोलीत घेऊ. तुला चालत असेल तर."

माझं ते निळं चित्र — त्यात नुसते निळे पट्टे आहेत. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहतो आणि मी त्यावर बोलते. लोक म्हणतात, वसुधाताईंची दृष्टीच वेगळी.

"चालेल की," मी म्हटलं.

मग त्यांनी बॅगा खाली न्यायला घेतल्या. दोन्ही हात अडकलेले. नळी माझ्या हातात दिली. "ही धर, मी पुढे होतो. तू खोली एकदा बघून ये."

इथे मी दोन दिवस थांबले होते. लिहिता लिहिता. पुढे जाववेना म्हणून नाही — नीट आठवत होतं की नाही ते बघत होते. नीट आठवतं. मी नळी कपाटाच्या वर ठेवली आणि हात पोचेल तेवढी मागे सरकवली. फाडली नाही, मोडली नाही. दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात केस नीट केले. मला राग आलेला नव्हता. थरथरत नव्हते. छान वाटत होतं मला.

बस विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "नळी?"

"तुमच्याकडे होती ना?"

"तुझ्या हातात दिली मी."

"माझ्या? कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. एवढी वर्षं चित्रांसमोर उभी राहून मला जे कधी दिसलं नाही ते तिथे लख्ख दिसलं: माणूस स्वतःवरचा विश्वास सोडून माझ्यावर ठेवतोय. एका क्षणात घडलं. त्यांच्या मनात आलंच नाही की मी खोटं बोलेन.

गाइड भला होता. म्हणाला, हॉटेलला फोन करतो, खोलीत बघायला सांगू. मधुकरनी मला विचारलं, "तू खोली बघून आलीस ना?"

"दोनदा बघितली," मी म्हटलं.

"मग नको," ते गाइडला म्हणाले. "मीच कुठेतरी टेकवून ठेवली असणार. लॉबीत बॅगा मोजताना." आणि विमानात, खुर्चीचा पट्टा लावता लावता, मला म्हणाले, "सॉरी वसू. तुला उगीच ताप."

इथे थांबले असते तर? तर ही एक क्षुद्र बायकी चोरी झाली असती आणि मी ती तुम्हाला सांगितलीही नसती कदाचित. मी थांबले नाही.

आल्यावर डोंबिवलीच्या एका सभागृहात माझं भाषण झालं, पडद्यावर चित्रं दाखवून — चित्र कसं बघावं. माझ्या भाषणांना लॅपटॉप मधुकरच चालवायचे, मागच्या कोपऱ्यात बसून. मी नुसतं "पुढचं" म्हणायचं. त्या चित्रांत मी ती स्टुलावरची बाई मुद्दाम घातली होती, इंटरनेटवरून शोधून. आपण चित्रात चित्र बघत नाही, आपलं घर बघतो, आपल्या आठवणी चिकटवतो, हे कच्च्या रसिकाचं लक्षण — त्याचं उदाहरण म्हणून. व्हिएन्नाचा किस्सा सांगितला. सभागृह खळाळून हसलं. नाव नाही घेतलं मी, 'आमच्यातले एक गृहस्थ' म्हटलं, पण मंडळाच्या बायका मागे वळून वळून बघत होत्या. "पुढचं," मी म्हटलं. पडदा जरा वेळ तसाच राहिला. ती बाई तशीच बसलेली. मग त्यांनी बटण दाबलं.

ते भाषण मी पुढे ठाण्यात, कल्याणला, पुष्कळ ठिकाणी दिलं. किस्सा प्रत्येक ठिकाणी सांगितला. लॅपटॉपवर तेच.

आणि त्याला जोडून नवीन एक सुरू झालं. 'हल्ली यांना आठवत नाही.' नळीची गोष्ट मी शुभदाला अशी सांगितली — हळू आवाजात, काळजीने. तिला खरी वाटली. तिला काय, सांगताना मलाही वाटली. मग मला त्याची चटक लागली. मी काही मुद्दाम लपवाछपवी केली नाही हो, तेवढी हुशारी लागतच नाही. मी फक्त माझं विसरणं त्यांच्या नावावर टाकायला लागले. साठी उलटलेल्या बाईचं काय काय राहून जातं! छत्री शुभदाकडे मी विसरले, "तुम्ही आणणार होतात ना?" दाराला कडी लावायची मी विसरले; "अहो, शेवटी तुम्ही आलात आत." दर वेळी ते थोडं आठवून बघायचे, आणि दर वेळी म्हणायचे, "असेल. माझंच चुकलं असेल."

त्यांनी स्कूटर विकली. सोसायटीच्या कमिटीतून बाहेर पडले, म्हणाले, माझ्यावर अवलंबून राहू नका. कुठलाही शब्द देण्याआधी माझ्याकडे बघायला लागले.

आता इराचं सांगायचं. तिथेच यायचं होतं मला. एवढी वाट त्यासाठीच चालले.

इरा आमची नात. केतकीची मुलगी — केतकी कल्याणला असते, दोघं नवरा-बायको नोकरीला. आठवड्यातून तीन दिवस मधुकर दुपारी कल्याणला जायचे, इराची शाळेची व्हॅन सोसायटीच्या गेटशी आली की तिला घरी न्यायचे, जेवायला घालायचे, आणि केतकी येईपर्यंत दोघं चित्रांची पुस्तकं उघडून बसायची. तिलाही त्यांनी तोच नाद लावला होता. शोध, ह्यात कोण दमलंय? ती शोधायची. ती मला फोनवर ओरडून सांगायची, "आजी, आज मला कुत्रा सापडला, बसलेला!" त्या तीन दिवसांसाठी मधुकर उरलेले चार दिवस काढत होते.

एके दिवशी सकाळी केतकीचा फोन आला. मधुकर अंघोळीला गेले होते. म्हणाली, आज शाळा लवकर सुटतेय, व्हॅन तासभर आधी येईल, बाबांना सांग. मी हो म्हटलं. आणि विसरले. साधं विसरले — त्यात डाव नव्हता, शपथ घेते. दुसऱ्या दिवशी माझं भाषण होतं आणि मी आरशासमोर वाक्यं म्हणत होते.

मे महिन्याच्या तोंडावरचं ऊन. इरा गेटशी उभी राहिली. वॉचमनने तिला सावलीत बसवलं तर ती आजोबा दिसणार नाहीत म्हणून पुन्हा उन्हात आली. मधुकर त्यांच्या रोजच्या वेळेला पोचले तेव्हा ती रडून रडून उलटी करून बसली होती. वॉचमनने केतकीला फोन केला होता, केतकी ऑफिसातून धावत निघाली होती.

संध्याकाळी आम्ही सगळे केतकीच्या घरी. इरा झोपलेली, अंग गरम. केतकी माझ्याकडे वळली.

"आई, मी तुला सांगितलं होतं ना सकाळी? सांगितलं होतं ना?"

मधुकर खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत होते. रागाने नाही — नुसती माहिती हवी असल्यासारखे.

एक वाक्य. 'केतकी, मी विसरले गं.' एवढंच. लेक चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, संपलं असतं. कुठल्या आजीकडून असं होत नाही?

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं यांना. निघताना सांगितलं, बूट घालत होते तेव्हा."

बूट. बघा, तपशीलसुद्धा घातला मी.

मधुकरनी डोळे मिटले. खूप आत जाऊन शोधत असल्यासारखे. मग म्हणाले, "सांगितलं असेल. बूट घालत होतो खरा. माझ्याच डोक्यात राहिलं नाही."

"बाबा, सीरियसली, तुम्हाला काय होतंय?" केतकी म्हणाली आणि रडायला लागली. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, आणि मधेच हात मागे घेतला. पुढच्या आठवड्यापासून इरा पाळणाघरात जायला लागली. केतकीने ते फार हळुवारपणे सांगितलं त्यांना. त्यांनीही फार हळुवारपणे ऐकून घेतलं. ती पुस्तकं त्यांनी तिकडेच ठेवली.

मग डॉक्टर गाठले. नौपाड्यातच, मेंदूचे. कधीपासून वाटतंय असं, त्यांनी विचारलं. मधुकर काही बोलायच्या आत मी सांगितलं — युरोपच्या प्रवासापासून. एक चित्र घेतलं होतं, ते कुठे ठेवलं ते यांना आठवलंच नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तपासण्या केल्या, शब्द आठवायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग हसून म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे सगळं, माझ्यापेक्षा तुमची स्मरणशक्ती चांगली आहे काका, काळजी करू नका.

बाहेर आल्यावर मला वाटलं ते खुलतील. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, रिक्षा बघत, आणि म्हणाले, "डॉक्टरना काय कळणार गं तेवढ्यात. तू रोज बघतेस."

त्या वेळी सांगता आलं असतं. मी रिक्षाला हात केला.

हल्ली आम्ही प्रवासाला जातो, पण ते म्युझियममध्ये येत नाहीत. गेल्या हिवाळ्यात कोलकात्याला आठ बायकांच्या पर्सेस मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले होते. हरवायला नकोत म्हणून पट्टे मनगटाला गुंडाळून घेतले होते. शुभदाने एकदा त्यांना आत ओढायचा प्रयत्न केला. "अहो, या ना, कोण दमलंय ते दाखवा आम्हाला." ते म्हणाले, "तुम्ही वसूबरोबर बघा. तिला कळतं."

आत मी बोलले. बायकांनी ऐकलं. मला काही दिसलं नाही, नेहमीसारखंच.

काल सकाळी मी हे सगळं लिहीत बसले होते, जेवणाच्या टेबलाशी. मधुकरनी स्वतःपुरता चहा केला होता आणि कप घेऊन गॅलरीत गेले होते. तिथून त्यांनी हाक मारली.

"अगं, गॅस बंद केला ना मी? बघतेस का जरा?"

मी उठले. ओट्यापाशी गेले. गॅस बंद होता. खालचं सिलिंडरचं बटणसुद्धा त्यांनी बंद केलं होतं, ओटा पुसून फडकं पिळून वाळत घातलं होतं. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नव्हती, बघणारं कुणी नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं.

"चालू होता हो," मी म्हटलं. "केला मी बंद."

गॅलरीत कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं झालं तू घरात होतीस."